कापसाच्या बंडीवरच्या हाका

मैना कापसाच्या बंडीवर चढली ती चोरांच्या कृपेनं. चोरांचे उपकार मानायची पाळी फार थोड्या सुनांवर येते. मैनेवर ती आली आणि तिनं ते उपकार मनापासून मानले.

त्या सालात कापसाला कधी नव्हे असा भाव चढला होता. सातासमुद्रापलीकडं कोणी कोणाशी लढत होतं, तिकडचा कापूस अडकून पडला होता आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांना एकाएकी वऱ्हाडची काळी माती आठवली होती. मूर्तिजापूरजवळच्या निंबोऱ्यातून भरलेली बैलबंडी अमरावतीच्या नाहीतर अकोल्याच्या बाजाराला निघाली, की वाटेतल्या दर गावात दोन-चार जण मागून धावत यायचे आणि बाजूंना बांधलेल्या तुऱ्हाटीच्या, म्हणजे तुरीच्या काड्यांच्या, तट्ट्यांच्या फटींतून मुठीमुठीनं कापूस ओढून न्यायचे. पुढं बसून बैल हाकणाऱ्याला मागचं काय दिसणार? बाजारात पोचेपर्यंत बंडी मागून पोखरलेली असायची.

"मागून कोनीतरी बसाले पायजे," सासूबाई पार्वताबाई म्हणाल्या. "गडी सारे वेचनीत आन् राखनीत. मैना बसन. तिचे डोये चांगले हायेत."

हे त्या आपल्या नवऱ्याला, म्हणजे नत्थुजींना, सांगत होत्या, पण बघत होत्या ओसरीच्या खांबाकडं. नत्थुजींनीही खांबाकडंच बघून मान हलवली. त्या घरात हीच रीत होती. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, आणि वडीलधारं माणूस नाही अशी जागा त्या घरात शोधून सापडत नव्हती. हंगामात तर पुरुष रात्री वावरात कापसाच्या राखणीला. लग्नाला दुसरं वर्ष लागलं तरी मैनेला आपल्या नवऱ्याचा, चंद्रभानचा, आवाज ठाऊक होता तो बैलांना घातलेल्या हाकांमधून. पार्वताबाई म्हाताऱ्या झाल्या, सासू झाल्या, तरी त्यांचं आणि नत्थुजींचं सारं बोलणं खांब, गाय नाहीतर मुलगा यांच्यामार्फत चाले. तो खांब एवढं ऐकून होता, की त्याला तोंड असतं तर पंचायतच झाली असती.

तर मैना बंडीवर चढली. कापसाचा हा ढीग, त्याच्या माथ्यावर मागं तोंड करून ती. ढिगाच्या पुढं, खाली बैलांमागच्या धुऱ्यावर, पुढं तोंड करून चंद्रभान. दोघांची पाठ एकमेकांकडं आणि मध्ये कापसाचा डोंगर. गाव मागं पडलं, वडाचं झाड मागं पडलं, ओळखीचा शेवटचा माणूस मागं पडला. आता बोलायला कोणाची हरकत नव्हती. पण साध्या आवाजात बोलावं तर शब्द कापसातच मुरून जायचे.

"काई आयकू येऊन राह्यलं का?" चंद्रभाननं विचारलं.

वर शुकशुकाट.

मग त्यानं बैलांना घालावी तशी हाक घातली. "मैनेऽऽ! आयकू येते काऽऽ?"

आपलं नाव नवऱ्याच्या तोंडून मैनेनं त्या क्षणी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही अर्ध्या कोसावर जाईल एवढ्या मोठ्यानं. तिनं इकडं तिकडं बघितलं. रस्त्यावर एक कुत्रं होतं. तिनं पदर सावरला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली, "येतेऽऽ! बोला नाऽऽ!"

तेव्हापासून ही दोघं बंडीवर बसली, की सारी वाट ओरडून बोलत. उजवीकडं नीलगाई आल्या, कोणाच्या वावरात बोंडअळी पडली, काल ताकात मीठ जास्त झालं होतं का, हे सगळं आभाळाला ऐकू जाईल अशा आवाजात. अशी सवय लागली, की बंडी रिकामी असली तरी त्यांना हळू बोलणं जमेना.

आणि मग चंद्रभानच्या डोक्यातून एक खूळ निघालं. दर बाजाराला एक नवी गोष्ट करायची, दोघांपैकी कोणीही आधी न केलेली. एका खेपेला त्यानं निवडायची, पुढच्या खेपेला तिनं. यात एक अट मैनेनं घातली. दोघांनी ती एकाच वेळी करायची. आधी नवऱ्यानं आणि मग उरलंसुरलं बायकोनं, असं नाही.

"हे तं घरातल्या जेवनापरीस उलटं झालं," चंद्रभान म्हणाला.

"घर मागं राह्यलं," मैना म्हणाली.

पहिल्या खेपेला अकोल्यात त्यांनी आगकाड्या घेतल्या आणि दोघांनी दोन काड्या एकदमच ओढल्या. चंद्रभानची मिशी थोडक्यात वाचली. दुसऱ्या खेपेला तारेच्या खांबाला दोन बाजूंनी कान लावून दोघं उभी राहिली. त्या तारेतून मुंबईचा भाव पळतो म्हणत. भाव काही ऐकू आला नाही, नुसतं गुणगुणणं आलं, पण दोघांनी एकमेकांना शपथेवर सांगितलं की आपल्याला आकडे ऐकू आले. तिसऱ्या खेपेला अमरावतीच्या कॅम्पात एका पारशाच्या दुकानात माणसाएवढा आरसा होता, त्यापुढं दोघं जाऊन उभी राहिली. घरी होता तो तळहाताएवढा, एका वेळी एक डोळा नाहीतर एक गाल दाखवणारा. इथं दोन माणसं अख्खी उभी होती, शेजारी शेजारी. मैना कितीतरी वेळ बघत राहिली. आपण दोघं मिळून कशी दिसतो हे तिला तोवर ठाऊकच नव्हतं. "बरी दिसून राह्यलो ना आपन?" असं चंद्रभाननं सवयीनं एवढ्या मोठ्यानं विचारलं, की दुकानदार पारशानं आतून "फार बरी!" म्हणून उत्तर दिलं.

चौथ्या खेपेची पाळी मैनेची होती. आणि नेमकी त्याच खेपेला नत्थुजींची कंबर धरली.

एरवी नत्थुजी आदल्या दिवशीच पुढं जायचे, बाजारात कापसाचा सौदा करायचे आणि एकटेच पुढं परतायचे. या वेळी ते ओसरीवर पालथे पडून होते. पडल्यापडल्याच त्यांनी मुलाला बजावलं.

"बंडी भगवंत अडत्याच्या सवाधीन करजो. तो करन सौदा. तू मधात तोंड घालू नको. तुह्या तोंडात काई राहत नाई. आन् आयक, काई गडबड झाली तं सून पुन्हा बंडीवर बसनार नाई. आधीच लोक बोलून राह्यले."

दाराआड उभ्या असलेल्या मैनेनं ते ऐकलं. बंडीवरची जागा गेली तर काय उरेल ते तिला पक्कं माहीत होतं. चूल, विहीर आणि खांब. चंद्रभान समोरून जाईल, ताटावर बसेल, उठेल, आणि त्याच्याशी एक शब्द बोलायला तिला पार्वताबाईंसारखं म्हातारं व्हावं लागेल, आणि तेव्हाही बोलणं होईल ते खांबाशी. बंडीवर चढताना तिनं मनात ठरवलं, या खेपेला साधंसं काहीतरी निवडू. एखादी नवी मिठाई.

पण गाव मागं पडलं, वारा लागला, आणि मनातलं ओठावर आलंच.

"मले हत्ता कराचा हायेऽऽ!"

बंडी थांबली. चंद्रभान खाली उतरला आणि ढिगाला वळसा घालून मागं आला. ही गोष्ट ओरडून बोलायची नव्हती.

हत्ता म्हणजे कापसाच्या बाजारातली गुपचूप बोली. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात. बोटं धरली की आकडा, मूठ दाबली की पक्कं, हात झटकला की नाही. तोंडातून चकार शब्द नाही. शेजारच्या बंडीवाल्याला काय भाव मिळाला ते या बंडीवाल्याला कळता कामा नये, यासाठी तर रुमाल. मैनेनं दर खेपेला लांबून पाहिलं होतं ते फक्त रुमालाचं हलणं. जत्रेतल्या पेटाऱ्यात नाग हलावा तसं ते तिला वाटे, आणि आत काय चाललंय या विचारानं तिचा जीव वर-खाली होई.

"त्यात पाह्यासारखं काय हाये?" चंद्रभान म्हणाला. "रुमालच तं दिसते."

"म्हूनच."

"परक्या मान्साच्या हातात हात देशीन काय?"

"परक्याच्या काहून? तुमचा एक हात त्याच्याजोळ. दुसरा रिकामाच राह्यते ना? तो माह्याजोळ."

चंद्रभाननं बायकोकडं असं बघितलं, जसं काही आत्ताच ती त्या आरशातून बाहेर आली होती. बापाची ताकीद त्याला आठवत होती, नाही असं नाही. पण त्याला स्वतःलाही हत्ता कधी करायला मिळाला नव्हता. बैलबाजारात बापानं एकदा शिकवलेलं तेवढंच. आणि डोळ्यांत अशी चमक घेऊन बायको वरून बघत असताना नाही म्हणायला वेगळा माणूस लागतो.

दुपारी पेढी नदीच्या काठी बैल सोडले. निंबाखाली बसून मैनेनं पदर पुढं धरला, त्याखाली चंद्रभाननं हात घातला आणि शिकवणी सुरू झाली. दिवसाउजेडी नवऱ्यानं हात धरायची मैनेची ती पहिलीच वेळ. पहिल्या दोन आकड्यांत तर तिला नुसती हाताची ऊब कळली, बोटं किती ते कळलंच नाही.

"ध्यान कुठं हाये तुहं?"

"तुमीच धड धरून नाई राह्यले."

मग मात्र रंग चढला. त्यांनी आधी निंबाचं झाड विकलं. मग नदी विकली. पलीकडं रेल्वेच्या रुळांसाठी मातीचा लांबच लांब भराव घातला होता, तोही मैनेनं पाच रुपयांत घेतला आणि चंद्रभाननं घासाघीस करून सहाला परत घेतला. लाल्या बैलाची शिंगं विकायला काढली तेव्हा लाल्यानं मान वळवून असं बघितलं, की दोघंही हसून हसून आडवी झाली. एवढं हसणं निंबोऱ्याच्या घरात कोणी वर्षभरात हसलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीच्या कापूसबाजारात बंडी शिरली. काय तो बाजार! नजर जाईल तिथवर बंड्या. पांढऱ्या ढिगांमागं ढीग, बैलांच्या घंटा, धूळ, वाऱ्यावर उडणारी कापसाची पिसं, भज्यांचा वास, आणि मधून मधून रंगीबेरंगी पागोटी घातलेले दलाल आणि व्यापारी खांद्यावर रुमाल टाकून फिरत असलेले. भगवंत अडत्याच्या मागं तर बंड्यांची रांगच लागली होती. तो घामाघूम. "नत्थुजीचा पोरगा ना तू? थांब दुपारलोक," एवढं म्हणून तो गर्दीत नाहीसा झाला.

तेवढ्यात गुलाबी पागोट्याचा एक दलाल यांच्या बंडीपाशी आला. त्यानं कापसाची चिमूट काढली, बोटांवर ताणून पाहिली, आणि काही न बोलता रुमाल टाकून हात पुढं केला.

चंद्रभाननं मैनेकडं बघितलं. ती खाली उतरून चाकाआड त्याच्या पाठीशी उभी होती.

"घाला," ती पुटपुटली.

त्यानं उजवा हात रुमालात घातला. डावा पाठीमागं नेला. मैनेनं तो पदराखाली धरला. आणि मग उजव्या हाताला दलालानं जे सांगितलं ते डाव्या हातातून तिच्याकडं आलं. बोटं धरली, सोडली, पुन्हा धरली. तिला कळलं! भर बाजारात, शेकडो माणसांत, तिचा हात नवऱ्याच्या हातात होता आणि मुंबईच्या व्यापाऱ्याचा भाव तिला कळत होता. भाव मागच्या बाजाराचाच होता. तिनं हात झटकला. चंद्रभाननं तिकडं दलालाचा झटकला. दलाल निघून गेला.

दुसरा आला. तो जरा वर चढला. मैनेनं विचार केला, आणि हात झटकला. तिसरा आला, त्यालाही परत पाठवलं. एवढ्या वेळात तिला दोनदा हसू आवरावं लागलं आणि एकदा चंद्रभानचं नख लागलं, पण तिनं हूं केलं नाही. अशी मजा तिनं जन्मात अनुभवली नव्हती. अट पाळली गेली होती, दोघं एकाच वेळी करत होती, आणि जगाला नुसता रुमाल दिसत होता.

आणि तेवढ्यात मागून खस्सकन आवाज आला. दोघं जण तट्ट्यातून हातभर कापूस ओढत होते.

"ए मेल्या!" म्हणत मैना धावली. चाकावर पाय, तट्ट्यावर पाय, आणि ढिगाच्या माथ्यावर आपल्या जागी. मागं तोंड करून तिनं चोरांना असं काही सुनावलं, की ते कापूस तिथंच टाकून पळाले. ती तिथंच बसून राहिली. आता खाली उतरून चालणार नव्हतं.

पुढं, बैलांपाशी, पांढऱ्या पागोट्याचा एक व्यापारी आला. त्यानं रुमाल टाकला आणि चंद्रभानची बोटं धरली. चंद्रभानचे डोळे विस्फारले. एवढा भाव! डावा हात आपोआप पाठीमागं गेला. तिथं कोणी नव्हतं. मैना वर, मध्ये कापसाचा डोंगर.

आणि कापसाचा डोंगर मध्ये आला की चंद्रभान जे करायचा, ते त्यानं केलं.

"मैनेऽऽ!" तो गरजला. "मागच्या बाजारापरीस खंडीमागं वीस वर देतो म्हंते हाऽऽ! देऊ काऽऽ?"

आणि मैनेनंही, मागं तोंड करून, छाती भरून, जे रोज करायची तेच केलं.

"आनखी दहा मागाऽऽ!"

बाजार गप्प झाला. बैलांच्या घंटा तेवढ्या वाजत राहिल्या. मैनेला आपलं वाक्य हवेत लांब जाताना ऐकू आलं आणि मग आपण काय केलं ते समजलं.

"हत्ता फोडला!" कोणीतरी किंचाळलं.

मग जो गलका उठला तो विचारू नका. शेजारच्या बंडीवरचा बाप्या उभाच राहिला. "वीस? मले तं यानंच आत्ता पाच सांगतले!" पलीकडचा ओरडला, "मले तीन!" बंडीबंडीवर माणसं उभी राहिली. वडाखालचे, विहिरीजवळचे, सगळे एकच विचारू लागले, वीस कोणाला, वीस कोणी दिले. आणि दलालांनी आणि व्यापाऱ्यांनी मुकाट्यानं रुमाल खांद्यावर टाकले आणि सावलीत जाऊन बसले. सौदे बंद.

भगवंत अडत्या धावत आला. "काय केलं रे बेट्या! बाजार बसवला! तुह्या बंडीले आता कुत्रं हुंगनार नाई! आन् ही बाई... आन् नाव घेऊन..."

दुपार झाली, कलली. कोणी बंडीला हात लावला नाही. चंद्रभान धुऱ्यावर मान खाली घालून बसला. मैना वर बसून होती. रडू येत होतं, पण साऱ्या बाजाराचे डोळे आपल्यावर आहेत म्हणून ती रडली नाही. तिला सारखं एकच दिसत होतं, निंबोऱ्याची ओसरी आणि तो खांब.

पण व्यापाऱ्यांचीही गरज होती. माल भरून न्यायला त्यांच्या गाड्या खोळंबल्या होत्या, आणि वीसच्या खाली एकही बंडीवाला हात पुढं करत नव्हता. उन्हं उतरली तसा पांढऱ्या पागोट्याचा व्यापारी उठला आणि चालत यांच्याच बंडीपाशी आला. त्यानं रुमाल खांद्यावरच राहू दिला. उघड्या हवेत हात पुढं करून तो म्हणाला, "वीस बोललो होतो, वीस देतो. आता लपवाले राह्यलं काय?"

चंद्रभाननं या वेळी तोंड उघडलं नाही. त्यानं नुसतं वर बघितलं. मैनेनं मान हलवली. नाही.

व्यापारी वर बघून हसायलाच लागला. "पंचवीस. ईचार तुह्या मालकिनीले."

मैनेनं मान डोलावली. आसपासच्या बंड्यांवरून असा जल्लोष उठला, की लाल्या आणि कवड्या दोन्ही बैल बुजले. त्या संध्याकाळी बऱ्याच जणांचा कापूस त्याच भावानं गेला. बाजारातून बाहेर पडताना मागून कोणी ना कोणी हाक देत होतं, "मैनेऽऽ! देऊ काऽऽ?" आणि लोक हसत होते. हसणं वाईट नव्हतं. पण भगवंत अडत्यानं निंबोऱ्याला जाणाऱ्या एका घोडेस्वाराजवळ निरोप दिला होता, तो यांच्या आधी पोचणार होता.

परतताना बंडी रिकामी होती. मध्ये डोंगर नव्हता. दोघं शेजारी शेजारी बसली होती.

"बोला ना काईतरी," शेवटी मैना म्हणाली. "पुन्हा कधी बोलाले भेटते कोन जाने."

चंद्रभाननं बैलांकडं बघत तिचा हात धरला. रुमाल नव्हता, पदर नव्हता. त्यानं मूठ दाबली, आणि मूर्तिजापूरच्या शिवेपर्यंत ती सोडली नाही.

घरी सगळं कळलेलंच होतं. नत्थुजींची कंबर सुधारली होती, ते ओसरीवर ताठ बसले होते. पैशाची पुरचुंडी त्यांनी न मोजता बाजूला ठेवली आणि खांबाकडं बघितलं.

"भाव चांगला आला, नाई म्हनत नाई. पन सुनेचं नाव बाजारात गाजलं. साऱ्या अमरावतीनं आयकलं. आता पुरे. पुढच्या खेपेपासून बंडीवर गडी बसन."

चंद्रभान काहीतरी बोलायला गेला, पण बापानं हात वर केला. मैना आत चुलीपाशी येऊन बसली. आता तिला रडायला कोणाची भीती नव्हती, आणि ती पोटभर रडली.

पार्वताबाई अंबाडीची भाजी घोटत होत्या. अंबाडी नत्थुजींना फार आवडते अशी घरात समजूत होती, म्हणून ती एक दिवसाआड व्हायची. त्यांनी भाजीखालचा जाळ कमी केला. मग म्हणाल्या, "काय व मैना, तुमी दोघं वाटेनं बोलता तरी काय एवढं?"

"काईच नाई आत्याबाई. नीलगाय दिसली तं नीलगाय. चिंच आंबट निंगाली तं चिंच."

"एवढंच?"

"एवढंच."

पार्वताबाई भाजी घोटत राहिल्या. "आमी एवढंबी नाई बोललो," त्या म्हणाल्या. मग हात पुसून त्यांनी पदर पुढं धरला. "दाखव पाहू. रुमालाखाली हात कसा धरते?"

मैनेनं पदराखाली सासूचा हात धरला. रखरखीत, भेगाळलेला हात. तिनं एक आकडा धरला, दुसरा धरला, मूठ दाबली. पार्वताबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

मग त्या उठल्या आणि ओसरीवर गेल्या. मैना दाराआडून बघत होती. पार्वताबाई नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि खांबाला पाठ केली.

"आयकलं का," त्या म्हणाल्या.

नत्थुजींनी सवयीनं खांबाकडं बघितलं. तिथं कोणी बोललं नव्हतं. मग त्यांनी बायकोकडं बघितलं.

"पुढच्या बाजाराले दोन बंड्या न्या. तुमच्या बंडीवर मागून मी बसन. चोर लय माजले."

"तू?"

"माहे डोये अजून शाबूत हायेत."

"लोक काय म्हंतीन?"

"सासूले काय म्हंतीन? आन् जिथं सासू बसते तिथं सून बसली, तं तिले तरी कोन काय म्हंतीन?"

नत्थुजींनी तोंड उघडलं, मिटलं, आणि चंद्रभानकडं मदतीसाठी बघितलं. चंद्रभाननं खांबाकडं बघितलं. दाराआड मैनेनं तोंडात पदर कोंबला होता.

पुढच्या बाजाराला दोन बंड्या निघाल्या. पुढची नत्थुजींची, माथ्यावर पार्वताबाई, मागं तोंड करून. मागची चंद्रभानची, माथ्यावर मैना. गाव मागं पडलं, वडाचं झाड मागं पडलं. मैना आणि चंद्रभान त्या दिवशी बोलत नव्हती. दोघांचे कान पुढं लागले होते. मैनेला तर पुढचं काही दिसतही नव्हतं. पुढच्या बंडीवर एक कोस शांतता, दुसरा कोस शांतता. फक्त चाकांची कुरकुर. मैनेला वाटलं, इतक्या वर्षांचं गप्प बसणं, ते काय कापसावर बसून जाणार आहे?

आणि मग एक आवाज आला. जुन्या विहिरीचा रहाट फार वर्षांनी फिरवावा तसा, घोगरा, अडखळत.

"आयकलं काऽऽ?"

मग नत्थुजी. "काय वऽऽ?"

"अंबाडीची भाजी तुमाले खरंच आवडते काऽऽ? म्या कधी ईचारलंच नाईऽऽ!"

दोन्ही बंड्यांचे बैल चालत राहिले. मैनेनं डोळे घट्ट मिटले.

"नाईऽऽ!" नत्थुजी ओरडले.

"मंग येवढी वर्सं खाल्ली काहूनऽऽ?"

नत्थुजींची बंडी एक ओढा उतरली, चढली, आणि पलीकडच्या सपाटीला लागली.

"तू वाढत होतीऽऽ, म्हूनऽऽ!"

मैनेनं न राहवून कापसात उलटं वळून पाहिलं. समोरच्या ढिगावर सासूबाई बसल्या होत्या, तोंड हिच्याकडंच होतं. डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या, आणि मैनेनं पाहिलं तरी त्यांनी तोंड लपवलं नाही.